अ‍ॅडमिनला दाराबाहेर ठेवून आठ महिने

आमच्या घरच्या संगणकावर माझ्याखेरीज आणखी एक अ‍ॅडमिन (संगणकात हवे ते बदल करू शकणारं खातं) नांदत होता, हे मला दोन वर्षं कळलंच नाही. कळलं तेही योगायोगानं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून ‘नेट युजर’ टाकलं आणि एंटर मारलं. खात्यांची यादी आली: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, डिफॉल्टअकाउंट, गेस्ट, डब्ल्यूडीएजीयुटिलिटीअकाउंट, माझं खातं, आणि ‘सर्व्हिस’. पहिली चार नावं पाहून दचकू नका, ती विंडोजची स्वतःची असतात आणि एरवी बंदच असतात. पण हे ‘सर्व्हिस’ कोण? ‘नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ टाकून अ‍ॅडमिनांची यादी मागवली, तर महाशय तिथेही हजर. म्हणजे पाहुणा नव्हे, घराचा मालकच.

दोन वर्षांपूर्वी संगणक दुरुस्तीला गेला होता, तिथल्या माणसाला फोन लावला. ते अगदी निवांत. “असू द्या की मॅडम, पुढच्या वेळी बरं पडतं.”

“आणि पासवर्ड?”

“सगळ्यांकडे एकच ठेवतो. लक्षात राहतो.”

ते खातं त्याच दुपारी उडवलं. राग ओसरल्यावर मात्र लक्षात आलं, की माझा कारभार तरी कुठे वेगळा होता? एकच खातं, तेच अ‍ॅडमिन, आणि त्यावर मी, बाबा, सुट्टीत भाचा, सगळे. पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. घरात तो कोणाला माहीत नव्हता हेच विचारायला हवं होतं.

तेव्हापासून आठ महिने मी ‘स्टँडर्ड’ (मोठे बदल करायची मुभा नसलेल्या) खात्यात काम करते आहे. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि बाकीचे सगळे पासवर्ड कीपासएक्ससी नावाच्या प्रोग्रामात. विंडोज ११ होममधली खात्यांची व्यवस्था आणि हा प्रोग्राम, दोन्हींबद्दल हे लिहिते आहे. मी संगणकवाली नाही. घरी बसून मुद्रितशोधन आणि पानं लावण्याचं काम करते.

बदल करताना एक गोष्ट मी योग्य केली, ती आधी सांगते. नवं स्टँडर्ड खातं काढून तिकडे संसार हलवला नाही. उलट केलं. नवं खातं काढलं, त्याला अ‍ॅडमिन केलं, त्यात एकदा शिरून पासवर्ड चालतोय याची खात्री केली आणि तिथून माझ्या जुन्या खात्याचा हुद्दा उतरवला. फाइली, फाँट, ब्राउझरच्या खुणा, सगळं जागच्या जागी राहिलं. दुसऱ्या दिवशी कामाला बसले तेव्हा काही बदललंय असं वाटलंसुद्धा नाही.

हे नवं खातं काढायचा रस्ता मात्र विंडोजने असा काही लपवलाय की बोलायची सोय नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे ‘अ‍ॅड अकाउंट’. मग ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा ईमेल मागतं. तो द्यायचा नसेल तर खालच्या बारीक अक्षरांतल्या ओळीवर टिचकी मारायची: या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही. आता ती व्यक्ती म्हणजे मीच, आणि माहितीही माझ्याचकडे! पण ‘हो, नाहीये’ असं कबूल केल्याशिवाय पुढचा दरवाजा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याविना युजर जोडण्याचा, दिसतच नाही. शेतात शिरायला कुंपणाखालून सरपटावं तसा प्रकार.

पुढे तीन सुरक्षा-प्रश्न येतात, पासवर्ड विसरलात तर म्हणून. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, असे. हे प्रश्न ज्याने घातले त्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी परका चोर असणार. घरच्या संगणकावर धोका घरच्यांचाच, आणि त्यांना माझ्या मांजराचं नाव माझ्याइतकंच पाठ. म्हणून मी तिन्ही उत्तरं धडधडीत खोटी दिली आणि ती कीपासएक्ससीत लिहून ठेवली. माझं जन्मगाव तिथे सतरा अक्षरांचं आहे आणि उच्चारता येत नाही.

आता रोजचा अनुभव. पडदा काळवंडून मध्ये एक चौकट उघडते, ती सगळ्यांच्या ओळखीची असेल. युजर अकाउंट कंट्रोल, २००७च्या विंडोज व्हिस्टापासूनची. अ‍ॅडमिन खात्यात ती फक्त ‘यस’ की ‘नो’ विचारते. मी इतकी वर्षं न वाचता ‘यस’ मारत आले. बोटाला सवयच लागली होती, डोळ्यांचा संबंध नव्हता. स्टँडर्ड खात्यात तीच चौकट अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते, आणि एवढ्या एका फरकाने सगळं बदलतं. पासवर्ड टाकायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत माणूस वर लिहिलेलं वाचतो.

वाचण्यासारखं असतंही. कोणता प्रोग्राम परवानगी मागतोय, त्याचा प्रकाशक कोण. प्रकाशकाची सही पटली तर वरची पट्टी निळी, प्रकाशक अज्ञात असेल तर पिवळी. भाचा सुट्टीत आला होता. मी बाहेर होते, त्याचा फोन आला, “मावशी, पासवर्ड सांग ना, गेमचं एक फुकट काहीतरी आहे.” म्हटलं, सांगते, आधी चौकटीत काय लिहिलंय ते वाच. तो वाचू लागला. नाव भलतंच, गेमशी काही नातं नसलेलं. पट्टी पिवळी. पब्लिशर, अननोन. एवढं वाचून तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “राहू दे.” मी पासवर्ड सांगितलाही नाही आणि नाकारलाही नाही.

ही चौकट सारखी सारखी येते का? पहिल्या आठवड्यात वैताग आला. मग ओसरलं. आता महिन्यातून दोनतीनदा. ब्राउझर, लेखन, छपाई, वायफाय यांना ती लागत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम), घड्याळाची वेळ बदलणं, सगळ्यांसाठी प्रोग्राम बसवणं, याला लागते. ज्या बटणावर छोटी ढाल दिसेल तिथे चौकट येणार हे आधीच समजतं.

माझ्या धंद्यातली एक अडचण मात्र सांगायलाच हवी, कारण ती मी कुठे वाचली नव्हती. फाँट. स्टँडर्ड खात्यात फाँट बसवला तर पासवर्ड न मागता बसतो, मला वाटलं वा! वर्डमध्ये दिसलाही. पण पानं लावायच्या माझ्या जुन्या प्रोग्रामात दिसेना. अर्धा दिवस गेला. शेवटी उमगलं, की असा बसवलेला फाँट फक्त माझ्या खात्याच्या फोल्डरात जातो, आणि तो जुना प्रोग्राम बापडा सगळ्यांच्या सामायिक फाँट-फोल्डरातच शोधतो. फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडलं, पासवर्ड दिला, फाँट हजर. मराठी डीटीपीवाल्यांनी हे वाक्य कात्रण करून ठेवावं.

कीपासएक्ससीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. मोफत आहे, उघड्या सोर्सचा (कोड कोणालाही पाहता येतो असा) आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, खातं उघडा म्हणत नाही, इंटरनेट मागत नाही. सगळं एका कुलूपबंद केडीबीएक्स फाइलीत. पासवर्ड कॉपी केला की दहा सेकंदांत क्लिपबोर्डवरून पुसतो. ही फाइल उघडणारा मास्टर पासवर्ड विसरलात तर मात्र विषय संपला. ‘फरगॉट पासवर्ड’ नावाची खिडकीच नाही, आणि नाही तेच बरं. फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची आणि कोणती ताजी हे विसरायचं, ही चूक मी केलीच. दोन प्रती वेगळ्या झाल्या. त्यात दोन फाइली एकत्र करायची सोय आहे, तिने वाचवलं.

पण अ‍ॅडमिनच्या पासवर्डाला हा प्रोग्राम कामाचा नाही, हे मला फजिती होईपर्यंत सुचलं नव्हतं. मी त्याच्याकडून वीस अक्षरांचा कडबोळं झालेला पासवर्ड बनवून घेतला होता. चौकट उघडली, पडदा काळवंडला, आणि आता पासवर्ड पाहायला कीपासएक्ससी उघडणार कसा? चौकट समोर असेपर्यंत दुसरी खिडकी उघडता येत नाही. मुद्दामच तसं केलंय, म्हणजे दुसऱ्या कोणा प्रोग्रामाला तुमच्या वतीने बटण दाबता येऊ नये. थोडक्यात, हा पासवर्ड डोक्यातच हवा. आणि डोक्यात राहायचा तर शब्दांचा हवा.

आर्नल्ड राइनहोल्ड यांची १९९५ सालची डाइसवेअर नावाची युक्ती आहे: फासा पाच वेळा टाकायचा, जो आकडा येईल त्याच्यापुढचा शब्द ७,७७६ शब्दांच्या यादीतून घ्यायचा. असे काही शब्द ओळीने. शब्द आपण निवडायचा नाही, फाशाने निवडायचा, ही त्यातली मेख. इंग्रजी यादी मला जवळची वाटेना. मग शब्दकोश काढला, फाशांनी पान ठरवलं, फाशांनी ओळ ठरवली, आणि पाच मराठी शब्द रोमन लिपीत ओळीने. झकास जमले, एकदा म्हटल्यावर विसरणं अशक्य.

त्यातल्या एका शब्दात ‘ज्ञ’ होता.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हर बसवताना पासवर्ड टाकला, चूक. पुन्हा टाकला, चूक. पासवर्डाच्या रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून धरलं, तर आत देवनागरीची रांग! कीबोर्ड मराठीवर होता आणि सगळं ठिपक्यांआड चाललेलं. इंग्रजी केला. तरी चूक. आता हा ‘ज्ञ’ मी डी-एन-वाय असा लिहिला होता की जी-वाय की जे-एन? जन्मभर दुसऱ्यांच्या जोडाक्षरांवर लाल पेन चालवणारी मी, स्वतःच्या एका जोडाक्षराशी अंदाजपंचे दाहोदरसे खेळत बसले. दहा चुका झाल्यावर विंडोजने खातं दहा मिनिटं बंद केलं. पाणी पिऊन आले. अकराव्या खेपेला उघडलं. त्यानंतर नवे शब्द काढले, आणि ज्ञ, ऋ, ळ, ष आणि दीर्घ ई असलेला शब्द फाशाने दिला तरी परत करायचा असा नियम केला. थोडे शब्द कमी होतात, होऊ देत. एक शब्द वाढवला.

बाबांचं खातं आता वेगळं आहे. ते दर महिन्याला त्याचा पासवर्ड बदलतात, म्हणजे शेवटचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालीच, ठरावीक काळाने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका असं म्हटलंय, हे मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, सक्ती कुठे आहे, मी हौसेने बदलतो. आणि हौसेने विसरलेही. त्यांचा पासवर्ड मी अ‍ॅडमिन खात्यातून नवा घालून दिला. लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी न जोडलेल्या, खात्यावर असं बाहेरून करण्याआधी थांबा. त्या खात्यात विंडोजने जपलेले पासवर्ड आणि विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइली त्यामुळे हातच्या जातात. बाबांचं गेलं ते दोन वेबसाइटींचं साइन-इन, निभावलं.

आता उरला कागद. पाकिटात तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: अ‍ॅडमिनचा पासवर्ड, कीपासएक्ससीचा मास्टर, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर लागणारी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावायच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की, सहा-सहाचे आठ गट. ही शेवटची कुठे आहे ते आजच शोधा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला असेल तर ती बहुधा त्या खात्याच्या पानावर असते, आणि गरज पडते तेव्हा नेमका तोच संगणक उघडत नसतो. बाबांनी पाकीट पाहून विचारलं, “एवढं सगळं करून शेवटी कपाटातच?” हो. कपाटाला किल्ली आहे आणि ती कोणाकडे असते हे मला माहीत आहे.

कीपासएक्ससीला पाचपैकी पाच. विंडोजच्या व्यवस्थेला साडेतीन. एक गुण त्या कुंपणाखालच्या रस्त्याबद्दल कापला. अर्धा कापला तो शब्दांबद्दल: पिन, पासवर्ड, रिकव्हरी की, साइन-इन, यांतलं कोण काय उघडतं हे एकाही पडद्यावर धड लिहिलेलं नाही. बाबा अजून अ‍ॅडमिनच्या चौकटीत आपला पिन टाकून पाहतात.

प्रिंटरबरोबर आलेला एक अपडेटर रोज सकाळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. मी रोज ‘नो’ म्हणते. रविवारी त्याला काढायचा आहे, त्यालाही पासवर्ड लागेलच.