इम्पल्सचे 11 महिने आणि माळ्यावरचं खोकं

गाडी हिरो इम्पल्स, 2012 चं मॉडेल. सेकंड हँडही नाही, थर्ड हँड. एमएच 17 पासिंग. 42,000 रुपयांना घेतली. अकरा महिन्यांत 6,200 किलोमीटर झाले; त्यातले निम्मे घर ते नाशिकची अंबड एमआयडीसी, उरलेले हरसूल, पेठ, वैतरणा या बाजूचे. आणि सुमारे दीडशे तास असे की ज्यात किलोमीटर पडतच नाहीत, कारण एका बंद पडलेल्या दगडखाणीत पहिल्या गिअरवर त्याच त्या पाच-सहा दगडांवरून गाडी चढवायची आणि उतरवायची, एवढंच चालतं. जागामालकाची परवानगी आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

हा ट्रायल्सचा नाद. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: यात वेगाला किंमत नाही. दगड, ओढा, चढ असा आखलेला तुकडा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की 1 गुण लागतो, दोनदा टेकला तर 2, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी 3. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात की 5. ज्याचे गुण कमी तो जिंकला. या खेळाच्या खऱ्या गाड्या मोंटेसा, बेटा, गॅसगॅस वगैरे कंपन्यांच्या असतात. सीट जवळजवळ नाहीच, टाकी दोन-तीन लिटरची आणि वजन 70 किलोच्या आसपास. आपली इम्पल्स 134 किलोची. म्हणजे मी कुस्तीच्या आखाड्यात म्हैस घेऊन उतरलोय, हे मला माहीत आहे.

मग खरी ट्रायल्सची गाडी का नाही घेतली? घेणार होतो. एका गृहस्थांकडे बाहेरून आलेली एक जुनी टू-स्ट्रोक होती. ‘कागदाचं टेन्शन घेऊ नका, पासिंग करून देतो,’ म्हणाले. कसं करणार, असं खोदून विचारल्यावर कळलं की दुसऱ्याच एका भंगार गाडीचं आरसी बुक तिला ‘लावणार’ होते. मी चहा संपवला आणि निघालो. ही थेट फसवणूक आहे आणि अडकतो तो शेवटचा मालक.

नीट समजून घ्या, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी हे विचारतो. नवीन गाडीचं पासिंग करायला फॉर्म 20 बरोबर विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे असा कंपनीचा दाखला म्हणजे फॉर्म 22 लागतो. फॉर्म 22 मिळायचा तर त्या मॉडेलची केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी झालेली असावी लागते. निव्वळ स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीची ती झालेलीच नसते. तिला इंडिकेटर बसवा, आरसे लावा, हॉर्न लावा, तरी ती पासिंगला पात्र होत नाही. अशी गाडी घ्यायची तर छोट्या हत्तीत टाकून खाजगी जागेत न्यायची आणि तशीच परत आणायची. माझ्याकडे ना छोटा हत्ती, ना तेवढे पैसे. मला ऑफिसला जाणारीच गाडी हवी होती.

हिरोचीच एक्सपल्स 200 4व्ही चालवून पाहिली. रस्त्यावर इम्पल्सपेक्षा सरळ सरळ उजवी. 21 इंची पुढचं चाक, ताकद भरपूर. पण 158 किलो. खाणीत तासाभरात गाडी आठ-दहा वेळा आडवी होते आणि दर वेळी ती आपणच उभी करायची असते. सातव्या वेळी तो 24 किलोंचा फरक कमरेला कळतो.

इम्पल्स ही होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर 150 ब्रॉसवर बेतलेली, आपल्याकडे 2011 च्या अखेरीस आली आणि फार खपली नाही. आपल्या सोयीची गोष्ट ही की तिचं इंजिन तेच जुनं 149.2 सीसीचं, सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंक यांच्या खानदानातलं. त्यामुळे क्लच प्लेट, टायमिंग चेन, पिस्टन असल्या वस्तूंना जुन्या नाशकात कुठल्याही दुकानात नाही म्हणत नाहीत. रडगाणं सुरू होतं प्लास्टिकपाशी. टाकीच्या बाजूचा पंखा म्हणजे प्लास्टिकचं कव्हर, पुढचं उंच मडगार्ड, हेडलाइटचा मुखवटा यांतलं काहीही तुटलं की जुन्या गाड्यांच्या भंगारात शोधत बसा. माझा डावा पंखा तांब्याच्या तारेने शिवलेला आहे.

घेताना पहिली गोष्ट: चॅसी नंबर चिंधीला रॉकेल लावून घासून वाचला, आरसीशी एकेक आकडा ताडून पाहिला. मग मालकी बदलायला फॉर्म 29, 30, जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म 35, आणि श्रीरामपूरच्या कार्यालयाची एनओसी म्हणजे फॉर्म 28. राज्य तेच असल्याने नंबर बदलत नाही, माझी गाडी नाशकात एमएच 17 म्हणूनच फिरते. विमा थर्ड पार्टी, घेतला तेव्हा 75 ते 150 सीसीला वर्षाला 714 रुपये अधिक जीएसटी होता. एचएसआरपी म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी बसवून घेतली. हे सगळं एजंटाशिवाय झालं, पेठ रोडच्या आरटीओला चार चकरा पडल्या. पाचवी पडली नाही याचं मलाच आश्चर्य वाटतं.

आता मॉडिफिकेशन. माझा नियम एकच: जे काही करीन ते स्पॅनरने उलटं फिरवता आलं पाहिजे. कापाकापी नाही, फ्रेमवर वेल्डिंग नाही. कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत तफावत पडेल असा बदल चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत गेला, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. दुसरं कारण जास्त जवळचं. माझ्या गाडीची 15 वर्षं 2027 मध्ये भरतात. तेव्हा फॉर्म 25 भरून, फी आणि पर्यावरण कर भरून ती इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागेल, तरच पुढची 5 वर्षं मिळतील. त्या दिवशी तिचा चेहरा कंपनीतून आला तसाच हवा. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी बोल्ट-वॉशरसकट, पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावरच्या खोक्यात आहे. बायको त्याला ‘गाडीचं माहेर’ म्हणते.

सगळ्यात उपयोगी बदल 200 रुपयांच्या आतला निघाला: पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक दात लहान. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन दात, असा हिशेब बसतो. पहिल्या गिअरवर गाडी आता माणसाच्या चालीने, क्लच न दाबता चालते. किंमतही मोजावी लागते. मुंबई-आग्रा हायवेला 70 च्या पुढे इंजिन नुसतं किंचाळतं, आणि ॲव्हरेज 44 वरून 37 वर आला.

दुसरा बदल फुकटचा, हवा. खाणीत मी दोन्ही चाकांत 12-13 पीएसआय ठेवतो. टायर दगडाला सापाच्या पोटासारखा चिकटतो. पण ट्यूबचा टायर असल्याने दोन धोके. एक, दगडाच्या धारेवर रिंग आपटून ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात. दोन, ब्रेक मारल्यावर टायर रिंगवर घसरतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. म्हणून व्हॉल्व्हची चपटी नट मी रिंगला आवळत नाही, वर टोपणापाशी नेऊन ठेवतो. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजायचं, आज फाटणार. हवा सोडायची आणि टायर फिरवून सरळ करायचा. ही एक गोष्ट कळेपर्यंत माझ्या तीन ट्यूब गेल्या. परत निघताना सायकलच्या पायपंपाने हवा भरतो. मागच्या चाकाला दीडशेच्या वर दाबे लागतात, वेगळा व्यायाम नको.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प मी पूर्ण आवळत नाही. हँडलवर आधी टेफ्लॉन टेपचे दोन वेढे, त्यावर क्लॅम्प, हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच घट्ट. पडल्यावर लिव्हर तुटत नाही, नुसती वळते. इंजिनखाली 4 मिमी ॲल्युमिनियमची प्लेट सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून वाकवून घेतली, मूळ बोल्टांवरच बसवली. ऑइलच्या नटाखाली भोक ठेवायला विसरलो होतो, त्यामुळे पहिल्यांदा ऑइल बदलताना सगळं प्लेटमध्ये साचलं आणि नंतर आठवडाभर ठिबकत राहिलं.

फसलेले प्रयोगही सांगतो. पाण्यात उतरल्यावर कार्ब्युरेटरच्या खाली लोंबणाऱ्या नळ्यांची तोंडं बुडतात आणि गाडी गुदमरून बंद पडते. उपाय सोपा: टी-जोड लावून एक फाटा टाकीखाली वर न्यायचा. मी हुशारी करून सलाईनची नळी लावली. पारदर्शक, लवचीक, फुकट. दोन महिन्यांत पेट्रोलच्या वाफेने ती शेवग्याच्या शेंगेसारखी कडक झाली आणि दमणगंगेच्या एका ओढ्यात मधोमध तडकली. आता 60 रुपयांचा पेट्रोल पाईप आहे.

दुसरा, सायलेन्सर. जरा मोकळ्या आवाजाचा लावला, दोन आठवडे मिरवलं. खाणीच्या मालकांचा गोठा जवळच आहे. एका रविवारी काका बांधावर येऊन उभे राहिले.

‘भाऊ, तुला यायला मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या फटफटीपायी म्हैस दूध चोरायला लागली. माझ्या म्हशीचं काय करू सांग.’

त्याच संध्याकाळी मूळ सायलेन्सर परत बसला. पुढच्या आठवड्यात त्यांनीच खाणीतल्या दोन आडव्या दगडांना ट्रॅक्टरने ढकलून माझ्यासाठी पायरी करून दिली.

जागेवरून आठवलं. अंजनेरी, ब्रह्मगिरी असल्या डोंगरांवर गाडी घालू नका. अंजनेरी संवर्धन राखीव आहे, गिधाडांची घरटी आहेत, सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती मूळची तिथलीच. वनखात्याने धरलं तर मी तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही.

देखभालीत या गाडीला लाड लागत नाहीत, पण हिशेब चुकवून चालत नाही. खाणीत सतत अर्धा क्लच, त्यामुळे ऑइल करपतं. ऑइल मोजायची काठी काढून वास घेतला तर जळलेल्या पापडासारखा येतो. रस्त्यावर 3,000 ला बदलतात ते मी 1,500 ला बदलतो, 10डब्ल्यू30, जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं अशी खूण) लिहिलेलंच. तरी पाचव्या महिन्यात क्लच प्लेट गेल्याच. एअर-कूल्ड इंजिनाला जागच्या जागी वारा मिळत नाही, म्हणून 15 मिनिटं चालवून 10 मिनिटं बंद. मागचा ड्रम ब्रेक ओढा ओलांडला की संपावर जातो. बाहेर आल्यावर पन्नास पावलं पॅडल हलकं दाबून चालवलं की लायनर सुकतात. आत बारीक रेती राहतेच, महिन्याला उघडून लायनरवर पॉलिश पेपर मारतो. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि कोनसेट (हँडलचं बेअरिंग) पावसाळ्यानंतर एकदा, न विचारता. स्पोक दर रविवारी स्पॅनरने वाजवून बघायचे: टण्ण वाजला तर ठीक, थप्प वाजला तर सैल. दोनापेक्षा जास्त थप्प आले की आउट म्हणजे चाकाची डगमग काढायला चाक घेऊन जुन्या नाशकात.

पावसाळ्यात एकदाच हात टेकले. दिंडोरीकडे द्राक्षबागांमधून जाणारा पाणंद रस्ता, काळी माती, रात्रीचा पाऊस. वीस मीटरवर मागचं चाक आणि चिमटा यांच्यामध्ये माती अशी थापली गेली की चाक फिरेना. तिथे ट्रायल्सची कसरत काही कामाची नाही. बसलो आणि बांबूच्या कामटीने पाऊण तास माती उकरली. पुढचं चाक मात्र उंच मडगार्डमुळे मोकळं होतं. बटन टायर (उंच गोट्यांचे) असते तर लवकर सुटलो असतो असं म्हणणारे भेटले. त्या मातीत बटनंही भरतात, मी पाहिलंय.

एक तक्रार सुटलेली नाही. एचएसआरपीला स्नॅप-लॉक असतं, पाटी काढता येत नाही. खाणीत मागे घसरलं की पहिला फटका तिलाच. दोनदा वाकली. आता मागे 3 मिमीची पत्र्याची फळी दिली आहे, पाटीचा नंबर झाकला जात नाही ना हे दोनदा पाहून. एवढ्या भानगडीत एका नाक्यावर हवालदारांनी अडवलं ते कशासाठी, तर गाडीवर चिखल फार होता म्हणून. आरसी, विमा, पीयूसी पाहिलं, आरसे आणि इंडिकेटर पाहिले, म्हणाले, ‘पाटी पुसून घ्या साहेब.’ रुमालाने पुसली.

आतापर्यंतचा खर्च: गाडी सोडून 19,400. त्यात 7,000 फक्त शॉकअपचे. पुढच्या दोन्हींचे रॉड घासले गेले होते, घेताना रबरी बूट वर करून बघायला हवे होते, बघितले नाहीत. उजव्याचं सील काल पुन्हा ओलं दिसलं. माळ्यावरच्या खोक्यात दोन नंबरच्या पिशवीत जुनं सील असेल, पण ते घालण्यात अर्थ नाही. शनिवारी नवीन आणतो.