एसएसडी कायम ४० डिग्री दाखवत होती आणि मी खूश होतो

बनावट एसएसडीत, म्हणजे कम्प्युटरमधल्या डेटा साठवायच्या ड्राइव्हपायी, किती बुडाले तो आकडा आधी सांगतो, कारण घरी, मित्रांत आणि चौकीत सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. एसएसडीचे ८,९००, वर चिकटवलेल्या हीटसिंकचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीचे, ७००, डेटा रिकव्हरीवाल्याने नुसतं बघायचे घेतले १,५००, नागपूरच्या खेपा २,१४० आणि एका लग्नाचे परत केलेले ३५,०००. एकूण ४८,२४० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलाने हात जोडून सांगितलंय.

मी अकोल्याकडचा, लग्नाचे व्हिडिओ करतो. कम्प्युटरमधलं अगदीच कळत नाही असं नाही, म्हणून जास्त लाज वाटते. २०२३ च्या मे महिन्यात माझी जुनी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी रेंडरिंग करताना ७८-८० वर जायची आणि स्पीड धाडकन पडायचा. आमच्याकडची तपन माहीत असेलच. कूलर चालू असूनही दुपारी खोलीत ३७-३८ असतं. बहुतेक घरगुती एसएसडींवर कंपनी ० ते ७० डिग्री लिहिते. नुसती चालू असताना ३५ ते ५०, जोरात कॉपी चालू असताना साठ-सत्तर, हे चालतं. त्यापुढे ड्राइव्ह स्वतःला वाचवायला हळू होते. हे सगळं मी वाचलेलं होतं. म्हणूनच नागपूरच्या दुकानात जाऊन पहिलं वाक्य काय बोललो, तर 'भाऊ, थंड चालणारी दाखवा.' गिऱ्हाईक कशाला घाबरतं हे मी स्वतःच्या तोंडाने सांगून बसलो.

तुळशीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट, १८ नोव्हेंबर २०२३. नावाजलेल्या कंपनीची दोन टीबी, वर काळा जाड हीटसिंक आधीच चिकटवलेला. 'तुमच्या भागात ह्याच्याशिवाय टिकतच नाही जी. अन् हा काढू नका, खालचं स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली.' मला ते पटलं. हीटसिंक लावायचा असतोच, चांगल्या ड्राइव्हवरही लावतात. पण स्टिकर झाकून टाकणारा हीटसिंक दुकानदार स्वतःच लावून देतोय, तर आधी तो उघडून दाखव म्हणायचं होतं. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,५०२. कच्च्या पावतीवर ८,९००. वाचवले १,६०२. हीटसिंकचे ७०० धरून पाच हजार रोख आणि ४,६०० कुठल्याशा बाईंच्या नावावर यूपीआयने. हो, हसा. पण सीझनच्या तोंडावर सोळाशे रुपये सोळाशेच असतात, आणि पक्कं बिल मागणारे किती जण आहेत ते मलाही माहीत आहे.

घरी येऊन लावली. स्पीड सेकंदाला १,७०० एमबीच्या आसपास, सांगितलेला ७,०००. मनाशी म्हटलं, आपला मदरबोर्ड जुना आहे. बोर्ड खरंच जुना आहे, पण तोही ३,५०० पर्यंत देतो. हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आणि तापमान? ४०. क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम, उघडून रोज बघायचो आणि खूश व्हायचो. मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले आहेत, अजून मोबाइलमध्ये आहेत.

जानेवारीतली एक सकाळ डोक्यातून जात नाही. खोलीत मी स्वेटर आणि कानटोपी घालून बसलो होतो, बोटं वाकत नव्हती. रात्रभर बंद असलेला पीसी चालू केला, अर्ध्या मिनिटात प्रोग्राम उघडला. निळा चौकोन, त्यात ४०. बायको चहा ठेवायला आली आणि म्हणाली, 'अहो, रोज तोच आकडा कसा? काटा अडकला का त्याचा?' मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. तिला कळलं होतं. गार पडलेली वस्तू चालू केल्याबरोबर चाळीसवर कशी असेल? पुढे मे महिन्यात खोली ३८ असताना ६० जीबीचं कार्ड कॉपी करतोय, तरी ४०! ड्राइव्हला झळ लागलीच पाहिजे, वर-खाली झालंच पाहिजे. ज्या आकड्यावर मी लक्ष ठेवून होतो, नेमका तोच खोटा होता. त्यात सेन्सरच नव्हता, फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रामात, लिहून ठेवलेला आकडा होता तो. शेजारीच 'टोटल होस्ट राइट्स' (आजवर किती लिहिलं) आणि 'पॉवर ऑन अवर्स' (किती तास चालू होती) असतात. महिनोन् महिने वापरूनही तेही जागचे हलले नव्हते. तिकडे नजर गेलीच नाही. तुम्ही आज बघा. वाचून संपल्यावर नाही, आत्ता.

एप्रिलपर्यंत चाललं, कारण त्यावर फार भरलंच नव्हतं. एप्रिलच्या तीन लग्नांची कार्डं त्यात उतरवली आणि कार्डं फॉरमॅट केली. दुसरी कॉपी का नाही, हे विचारू नका. बाहेरची हार्ड डिस्क भरली होती आणि दोन टीबी रिकामी आहे या भरवशावर होतो. दोन लग्नांचं दुसऱ्या कॅमेऱ्यावरचं मटेरियल सहकाऱ्याकडे होतं म्हणून वाचलो. तिसऱ्याचं गेलं. २ जूनला फाइल उघडली. नाव बरोबर, साइझ बरोबर, आत काही नाही. मंगलाष्टकांच्या जागी करडा पडदा. मुलीच्या वडिलांनी पैशाचा विषयही काढला नाही, फक्त एवढंच विचारलं, 'दादा, पाठवणीचं तरी निघेल का?' त्यांची आई मार्चपासून अंथरुणावर आहे, तिला दाखवायचं होतं. मी ३५,००० नेऊन दिले. ते घेत नव्हते.

मग एचटूटेस्टडब्ल्यू चालवलं. फुकट आहे. रिकाम्या ड्राइव्हवर फाइली भरतं आणि परत वाचून ताडून पाहतं. नवी एसएसडी आणली की पहिल्या रात्री हे लावून झोपायचं, एक फाइलही टाकायच्या आधी. सकाळी लाल अक्षरं. २३८ जीबीपर्यंत ठीक, पुढे सगळं कचरा. म्हणजे २५६ ची ड्राइव्ह (कम्प्युटर २५६ ला २३८ च दाखवतो), फर्मवेअरमध्ये दोन टीबी सांगायला शिकवलेली. जागा संपली की जुन्यावरच लिहीत जाते आणि तक्रार करत नाही. हेअर ड्रायरने गोंद सैल करून हीटसिंक काढला. खाली कंपनीचं स्टिकर नव्हतंच. अर्धी रिकामी हिरवी पट्टी, आणि कंट्रोलरच्या, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या, चिपवरचं नाव घासून काढलेलं. बोट फिरवलं तर खरखर लागते.

दुकानदार म्हणाला, 'हीटसिंक काढला ना? मग आता काय करू?'

आता चौकी. ३ जूनला गेलो. उद्या मतमोजणी, बंदोबस्त आहे, नंतर या. नंतर गेलो तर गजानन महाराजांच्या पालखीचा बंदोबस्त. तिसऱ्यांदा एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मेमरी कार्ड खराब झालं म्हणून कोणी पोलिसात येतं का?' मेमरी कार्ड नाही म्हटलं तर, 'तेच ते.' मग सल्ला मिळाला की खरेदी नागपूरची, नागपूरला जा. तिथे गेलो तर, तुम्ही राहता कुठे? मग तिकडे द्या. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला? लिंक दाबली? नाही? मग हे आमच्यात येत नाही. म्हणजे मी ओटीपी देऊन फसलो असतो तर तक्रार घेतली असती. लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मागितला, तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब रजेवर. शिक्क्यासाठी मी दोन दिवस बसलो. त्या दोन दिवसांच्या मजुरीचा आकडा वर धरलेला नाही. ऑनलाइन तक्रारही केली. तीन आठवड्यांनी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कशी काढली ते त्यात नव्हतं.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे मला चार महिने कोणी सांगितलं नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणाला की हा धंद्यासाठीचा माल, तुम्ही ग्राहकच नाही. पण २०१९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. छोटे धंदेवाले असाल तर हे पाठ करून जा. आणि कच्ची पावती घेऊन जाऊ नका, माझी तिथे सगळ्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

पुराव्यासाठी घरी व्हिडिओ केला. ड्राइव्हवर हेअर ड्रायर धरला आणि कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक रोखली. बंदुकीने आकडा द्यायचं सोडून 'हाय' दाखवलं, तिच्या मापाबाहेर गेलं. स्क्रीनवर ४०. मग फ्रीजमधली बर्फाची पिशवी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. ४०. बायको मागे उभी होती, काही बोलली नाही.

आयोगाला आता तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवाय. पुढची तारीख २३ ला आहे. अकोला-अमरावती-नागपूर पट्ट्यात कोणी हार्डवेअर इंजिनिअर लेटरहेडवर लिहून द्यायला तयार असेल तर कळवा. फी देईन. फक्त बिल पक्कं लागेल.