पावणेदोनशे म्हणजे किती? खऱ्या बोलण्यावरच्या श्रवण चाचणीचे नऊ महिने

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. माझं माहेर अमळनेरकडचं, घरात अहिराणी. वर्गातल्या मुलांच्या घरी पावरी किंवा भिलोरी या आदिवासी बोली. कागदावर प्रथम भाषा म्हणून लागलेली मराठी या मुलांची खरं तर दुसरी भाषा आहे, आणि काहींच्या बाबतीत तर ती शाळेच्या फाटकाच्या आतच भेटते. गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत मी त्यांची श्रवण चाचणी तयार ध्वनिसंचावर घेतली नाही, माणसं खरोखर जसं बोलतात तशा बोलण्यावर घेतली. आसपासच्या पाच-सहा शिक्षकांनी "जमतं का हो असं?" म्हणून विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली. आमच्याकडे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर करतात आणि धडगावला व्यापाऱ्याला घालतात. सहावीतली माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर १२ किलो आमचूर घेऊन आली होती, मी शेजारच्याच दुकानात उभी होते. व्यापारी म्हणाला, "पावणेदोनशेनं घेतो मावशी, ओलसर हाये अजून, नीट वाळू दिलं नाय तुम्ही." मुलीनं आईला पावरीत भाव सांगितला, आईनं मान हलवली, माल काट्यावर गेला. पैसे हातात पडले २,१०० रुपये, आणि आईनं धरून ठेवले होते २,४००. मोठी बोलाचाली झाली. आईला वाटलं फसवलं. पण त्या माणसानं पावणेदोनशेच, म्हणजे किलोला १७५, म्हटलं होतं, मी स्वतः ऐकलं होतं. मुलीच्या कानावर फक्त 'दोनशे' पडलं होतं. खाली मान घालून ती उभी होती, आणि मला आठवत होतं की महिनाभरापूर्वी माझ्याच श्रवण चाचणीत तिला पाचपैकी पाच गुण होते.

ती रात्र मी त्या चाचणीच्या जुन्या ध्वनिसंचासमोर बसले. त्यात एक बाई स्वच्छ आवाजात, शब्दाशब्दाला थांबत उतारा वाचतात: रमेश बाजारात गेला, त्याने भाजी घेतली, तो घरी आला. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक साधी गोष्ट केली. आवाज न लावता नुसते प्रश्न विचारले. "रमेश बाजारातून काय घेऊन आला?" ३४ पैकी २० हून जास्त मुलांनी न ऐकताच "भाजी" म्हणून सांगितलं. पाचातले तीन प्रश्न असेच निघाले. म्हणजे इतकी वर्षं मी मुलांची अक्कल मोजत होते आणि वहीत लिहीत होते श्रवण. तेव्हापासून प्रत्येक नवा प्रश्न मी आधी दुसऱ्या वर्गात आवाजाशिवाय विचारून बघते. न ऐकता उत्तर येत असेल तर तो प्रश्न गेला.

आता खरं बोलणं म्हणजे काय. पुस्तकात आपण 'काय करतो आहेस' लिहितो, तोंडात 'काय करतोयस' येतं. 'पाहिजे'चं पायजे, 'म्हणजे'चं म्हंजे, 'आला आहे'चं आलाय. 'पाच वाजता' हे दोन शब्द कुणीच दोन म्हणून बोलत नाही, 'पाच्वाजता' असा एकच घास असतो. माणूस मध्येच "ते हे, आपलं…" म्हणतो, वाक्य अर्धं सोडून दुसरंच धरतो, समोरचा मध्येच तोडतो. आपल्याला घरात ऐकून ऐकून याची सवय असते. माझ्या मुलांनी मराठी आधी फळ्यावर पाहिली, मग ऐकली. त्यामुळे शब्द त्यांना लिहिलेल्या रूपातच ओळखू येतो. श्रवण कसं शिकवावं यावर लिहिणारे रिचर्ड कॉल्डवेल यांनी इंग्रजीच्या बाबतीत शब्दांची तीन घरं सांगितली आहेत: काचघर, बाग आणि जंगल. काचघरात प्रत्येक शब्द वेगळ्या कुंडीत, बागेत ते ओळीनं लावलेले, आणि जंगलात एकमेकांत गुंतलेले. सातपुड्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही.

वेगाचाही प्रश्न आहे. ब्रिटिश इंग्रजीवर तौरोझा आणि ॲलिसन या अभ्यासकांनी १९९० मध्ये मोजणी केली होती, त्यात व्याख्यानात मिनिटाला साधारण १४० शब्द आणि गप्पांमध्ये २१० च्या आसपास शब्द निघाले. मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांब होतात, म्हणून मी शब्द न मोजता अक्षरं मोजली. जुन्या संचातल्या बाई मिनिटाला २०० च्या आसपास अक्षरं बोलतात. अमळनेरचे माझे मामा जेवताना साडेतीनशेच्या वर जातात, आणि ते काही फार घाईचे नाहीत.

साहित्य फार लागत नाही. माझा फोन, दीड हजारांचा एक ब्लूटूथ स्पीकर आणि आवाजाचे तुकडे कापायला ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. खर्च होतो तो वेळेचा. एका मिनिटाच्या चांगल्या तुकड्यामागे माझे तीन तास जातात: बोलणं मिळवायचं, कापायचं, प्रश्न काढायचे, ते तपासायचे. याची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

पहिला प्रयत्न फसला. संवाद मीच लिहिले आणि दोन सहकाऱ्यांना वाचायला दिले. ऐकलं तर दोघंही आपापलं वाक्य पूर्ण करून समोरच्याची वाट बघत होते, जणू वक्तृत्व स्पर्धा. मग चिठ्ठ्यांची पद्धत धरली. एकाला चिठ्ठी: तुमची शहाद्याची एसटी चुकली, पुढची कधी ते विचारा. दुसऱ्याला: पुढची पावणेपाचला आहे, पण ती म्हसावदला थांबत नाही. बाकी शब्द तुमचे. लगेच अडखळणं आलं, "अहो पण मला म्हसावदलाच…" असं तोडणं आलं, "थांबा थांबा" आलं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं इथूनच सुरू करावं. पूर्ण खरं बोलणं मी ऑगस्टनंतर आणलं: आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, एक कंडक्टर दादा, किराणावाले काका. सगळ्यांना आधी विचारून. सुरुवातीला बाजारात एकदा मी न विचारताच फोन चालू ठेवला होता. रात्री ऐकताना त्यात एका बाईचं घरगुती भांडण आलं, आणि मी ते सगळं पुसून टाकलं. तेव्हापासून परवानगीशिवाय एक सेकंदही नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं सिस्टरांच्या तुकड्यानं. त्या म्हणतात, "ही गोळी जेवल्याशिवाय नाही घ्यायची बरं का, आणि ताप उतरला तरी पाच दिवस घ्यायची." ३४ पैकी १९ मुलांनी सांगितलं की जेवल्यावर गोळी घ्यायची नाही. बरोब्बर उलट! आधी मला वाटलं मुलांचं लक्ष नव्हतं. मग मी श्रवणाचे अभ्यासक जॉन फील्ड यांनी वापरलेली एक युक्ती केली: आवाज मध्येच, अनपेक्षित जागी थांबवायचा आणि शेवटचे चार-पाच शब्द जसेच्या तसे सांगायला लावायचे. ते लिहून घेतात, मी तोंडी घेतलं, कारण माझ्या मुलांचं लेखन अजून कच्चं आहे आणि मला लेखन तपासायचं नव्हतं. एकेकाला बोलावून विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं: "जेवल्या… नाही घ्यायची". 'शिवाय' कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. 'तरी'सुद्धा नाही. ताप उतरला, पाच दिवस, एवढंच. इंग्रजी शिकणाऱ्यांचंही असंच होतं, मोठे शब्द हाती लागतात आणि व्याकरणाचे छोटे शब्द निसटतात, असं फील्ड यांचं निरीक्षण आहे. मराठीत तर हे छोटे शब्द शेपटीसारखे मागे चिकटलेले: शिवाय, पर्यंत, कडून, कडे, आधी. जोर कायम पुढच्या शब्दावर, आणि अर्थ फिरवणारी गोष्ट मागे पुटपुटलेली.

संख्यांचं दुखणं वेगळं. पावणेचार म्हटलं की चार, पावणेदोनशे म्हटलं की दोनशे. 'साडे' बऱ्यापैकी पकडतात, 'सव्वा' त्याहून कमी, आणि 'पावणे' पूर्ण हरवतं, कारण ते ऐकून पुढची संख्या कमी करायची असते आणि तोवर पुढचं वाक्य आलेलं असतं. 'अडीच' आणि 'दीड' मात्र चटकन कळतात, त्यांना स्वतःचं नाव आहे. हे मला नऊ वर्षं शिकवून कळलं नव्हतं, नऊ आठवड्यांत कळलं. आता रोज परिपाठानंतर दोन मिनिटं आम्ही नुसते भाव ऐकतो.

चूक चाचणीचीच निघते तेव्हा काय होतं तेही सांगते. ऑगस्टच्या एका चाचणीत मागच्या दोन रांगांना सगळ्यात कमी गुण पडले. पत्र्याचं छप्पर, वर रिमझिम, स्पीकर माझ्या टेबलावर. पुढच्या आठवड्यात रांगा उलटवल्या तर गुणही उलटले. त्या दोन्ही चाचण्यांचे गुण मी रद्द केले आणि मुलांना तसं सांगितलं. आता १२-१२ चे गट, अर्धवर्तुळात, स्पीकर मध्यभागी, आणि पाऊस असेल तर चाचणी नाहीच. पार्श्वभूमीचा गोंगाट हवा असेल तर तो तुकड्यात असावा, छपरातून येऊ नये.

तुकडा किती वेळा ऐकवायचा यावर शिक्षकांत खूप वाद होतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणाचे ४ भाग, ४० प्रश्न आणि आवाज एकदाच. केंब्रिजच्या दुसऱ्या कित्येक परीक्षांत दोनदा. मी असं ठरवलं: एकदा ऐकवायचं, आणि मुलानं हात वर करून मराठीत "परत सांगा ना" किंवा "किती म्हणाला?" असं विचारलं तर तेवढा भाग परत, गुण न कापता. बाजारात न कळलं तर विचारणं हाच शहाणपणा. पहिले दोन महिने एकही हात वर आला नाही. दिवाळीनंतर येऊ लागले.

गुण देण्याचा भाग थोडक्यात. प्रश्न मी तोंडी विचारते किंवा चित्रांतून निवडायला देते, आणि उत्तर पावरीत दिलं तरी चालतं. मला पावरी समजते पण पुरेशी नाही, म्हणून गावातलेच आमचे एक सर सोबत बसतात. दोघं वेगवेगळे गुण देतो. सुरुवातीला आमचं फार जुळत नव्हतं. मग प्रत्येक तुकड्यात कुठले पाच माहितीचे मुद्दे यायला हवेत ते आधीच लिहून ठेवायला लागलो, आणि भांडण जवळजवळ संपलं.

बोलीचा प्रश्न मात्र मला अजूनही पुरता सुटलेला नाही. नोव्हेंबरात एक तुकडा लावला, शहाद्याच्या बाजारातला, अहिराणी वळणाचा: "भाऊ, माल कोठे शे? आना ना आठे." (माल कुठे आहे? आणा ना इकडे.) वर्गात सगळ्यात गप्प बसणारा, माझ्या वहीत 'कच्चा' अशी नोंद असलेला एक मुलगा फडाफडा सगळं सांगत सुटला. तो सुट्टीत वडिलांबरोबर मिरची भरायला जातो. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या भागात, खानदेशी (म्हणजे अहिराणी) आणि भिल्ल बोली शेजारी शेजारी का आहेत ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं. मग प्रश्न पडतो, त्याला मराठी येते की येत नाही? पुण्याच्या वळणाचं बोलणं लावलं तर तो नापास, शहाद्याचं लावलं तर पहिला. मी सध्या दोन्ही ठेवते, अर्धे तुकडे जवळच्या बोलण्याचे, अर्धे लांबच्या, कारण पुढे त्याला तहसीलमध्येही ऐकायचं आहे आणि बँकेतही. पण 'कच्चा' हा शेरा मी खोडला, आणि तो तिथे इतके दिवस होता याचं मला अजून वाईट वाटतं.

गुणांचं म्हणाल तर ते खाली आले. जुन्या संचावर चार-पाच मिळवणारा वर्ग सप्टेंबरात दोनवर होता, फेब्रुवारीत तीनच्या आसपास पोचला. वरून विचारणा झाली की निकाल का घसरला. मी तो सिस्टरांचा तुकडा ऐकवला आणि मुलांची उत्तरं वाचून दाखवली. त्यावर पुढे कुणी काही म्हटलं नाही, पण लेखी परवानगीही कुणी दिली नाही.

आमच्या नोंदवहीत श्रवणाला एकच रकाना आहे. त्यात मी गुण लिहिते, आणि मागच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे काय निसटतं ते लिहून ठेवलं आहे: कुणाचं 'शिवाय', कुणाचं 'पावणे', कुणाला बाईचा आवाज कळतो पण पुरुषाचा घोगरा कळत नाही. आमचूरवाल्या मुलीपुढे आता 'सव्वा' एवढंच राहिलं आहे. जूनमध्ये सातवीचा वर्ग आठवीला जाईल, तेव्हा या पानांच्या नकला, तुकड्यांचा पेनड्राइव्ह आणि स्पीकर आठवीच्या सरांच्या हाती द्यायचं ठरलं आहे. स्पीकरची चार्जिंगची पिन ढिली झाली आहे, तेवढी आधी दुरुस्त करून घ्यायची.