बोलेरोच्या लोखंडी रिम घरीच रंगवल्या: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या हिवाळ्यात आमच्या जुन्या बोलेरोच्या पाचही रिम घरच्या अंगणात स्प्रेच्या डब्यांनी रंगवल्या. त्यानंतर अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला. गाडी सेलूत असते, शेतात रोज जाते, परभणी-जिंतूरला अधूनमधून. रंगवून झाल्यावरचे चकचकीत फोटो सगळेच टाकतात, मला त्यापुढचं सांगायचंय. रंग टिकला. जिथं उडाला तिथं उन्हानं किंवा चिखलानं उडाला नाही, पान्यानं आणि पंक्चरच्या मशीननं उडाला. त्यामुळं रंग निवडताना तो किती चमकतो यापेक्षा उडाल्यावर घरी जुळवता येईल का, हे आधी बघावं असं माझं मत झालंय.

रिमची अवस्था बहुतेक जुन्या गाड्यांसारखीच होती. कडेला गंज, नटाभोवती तांबूस डाग, बाकी चंदेरी रंग फिका पण शाबूत. बरेच जण इथं सगळा रंग खरडून पत्रा उघडा करतात. मी तसं केलं नाही. कारखान्यात लोखंडी रिम विजेच्या मदतीनं प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) टाकीत बुडवून काढतात, तो थर कानाकोपऱ्यात पोचलेला असतो. डब्यातला प्रायमर त्याची बरोबरी करू शकत नाही. म्हणून गंज होता तेवढाच भाग तारेच्या ब्रशनं आणि ८० नंबरच्या सँडपेपरनं पत्र्यापर्यंत नेला, बाकी सगळीकडे ४०० नंबरचा पाणीपेपर फिरवून फक्त चमक घालवली. त्याआधी साबणानं धुणं, नंतर थिनरच्या फडक्यानं पुसणं. ग्रीसचा हात लागला तरी तिथं रंग धरत नाही.

टायर काढले नाहीत. टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे खोचले. जाड, गुळगुळीत, आणि मराठवाड्यात कुठल्याही घरात ढिगानं पडलेल्या. बॅलन्सिंगची वजनं काढली नाहीत, त्यांच्याभोवतीच रंग मारला.

सगळ्यात महत्त्वाची जागा नटाची. नट जिथं बसतो तो उतरता भाग आणि रिमची मागची बाजू जिथं हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकते ती, या दोन्हीवर नवा रंग नको. तिथं थर जाड झाला की गाडी चालताना तो दबतो, आणि दबला की नटाची पकड ढिली होते. मी भोकांत कागदाचे बोळे घातले. चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासायचे, यात आळस नको. नट सटकन फिरावा म्हणून स्टडला (नट ज्यावर फिरतो त्या आटेवाल्या बोल्टला) तेल लावायची काहींना सवय असते. तेही करू नका, त्यानं नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

बोलेरोला एक सोय आहे: मागच्या दारावर पूर्ण मापाची स्टेपनी. आधी ती रंगवली, वाळू दिली, मग ती बसवून पुढचं चाक काढलं. गाडी एक दिवसही अडून राहिली नाही. फक्त घाई नको. डब्यातला रंग अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण नीट कडक व्हायला आठवडा घेतो. त्याआधी पाना लावला तर नटाभोवतीचा रंग सोलून येतो.

हे काम दिवाळीनंतरच करावं. परभणीकडचा मे महिना माहीत असलेल्याला कारण सांगायला नको: पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर, रंग रिमवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. शिवाय या डब्यांवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यात सकाळी वारा सुटायच्या आत मारायचा, वीतभर अंतरावरून, पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. रंग गडद करडा, मॅट (बिनचमकीचा) घेतला, वर साधा मॅट क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) क्लिअर जास्त टिकतो, पण त्याच्या वाफेसाठी योग्य मास्क लागतो, तोंडाला बांधलेल्या रुमालाचं ते काम नाही. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं.

पंक्चरवाले चाचा मात्र नाराज. "भैया, अलॉय घ्यायच्या की! कशाला हात काळे करायलाव?" पाणंद रस्त्यावरच्या दगडांवर आपटून लोखंडी रिम वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ होते, अलॉयला (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमला) तडा जातो. मला लोखंडीच बरी.

आता टिकण्याबद्दल. काळ्या रंगाऐवजी करडा घेतला ते बरं झालं. आमची काळी माती वाळली की राखाडी दिसते, करड्यावर ती चार दिवस लपते. पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेकची काळी भुकटी बसते, तीही फारशी दिसत नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र मॅटवर उठून दिसतात, धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्यानं पुसावं लागतं. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारतात, त्याचे थेंब राहिले तिथं क्लिअर मळकट पडला. आता मी डिझेल मारू देत नाही.

पेरणीच्या दिवसांत ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा मनात आलं की रंगानं बॅलन्स बिघडला. आतल्या बाजूला चिखलाचे ढेकळासारखे गोळे वाळून चिकटले होते. पाण्याच्या प्रेशरनं काढले, थरथर गेली. हे रंग न दिलेल्या रिमलाही होतंच, पण आपण काही नवीन केलेलं असलं की संशय आधी त्यावरच जातो.

खरा मार पंक्चरच्या दुकानात बसला. टायर उतरवताना मशीनचा दात कडेला लागला आणि बोटभर लांब पट्टा पत्र्यापर्यंत गेला. नटाभोवतीही पान्यानं कपचे उडालेत. चकचकीत रंग असता तर ठिगळ लांबून दिसलं असतं. मॅटवर पेपर घासून, प्रायमर आणि रंगाचा हात मारला की शोधावं लागतं. त्यासाठी एक डबा राखून ठेवलाय. वापरून झाला की उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, म्हणजे नळी चोंदत नाही आणि पुढच्या पंक्चरला कामी येतो.