खांदा शिवल्यावरची फिजिओथेरपी, दांडिया बाजार, बडोदा

वय 63. उजव्या खांद्याचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) फाटलं, दुर्बिणीतून शिवलं. 6 आठवडे स्लिंग, झोप आरामखुर्चीत. मग या केंद्रात आले. फिजिओथेरपीच्या बाई भारी कडक! सुरुवातीला हात मला उचलूच देत नसत, त्याच हलवायच्या. शिवलेलं टेंडन हाडाला धरायला वेळ लागतो, घाई केली तर पुन्हा फाटतं, आमच्या वयात तर जास्तच. रबरी पट्ट्या ओढायचा व्यायाम 3 महिन्यांनंतर. आता सातवा महिना: अंबाडा घालता येतो (आधी सूनबाई घालायची, वाकडा!), वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मात्र डाव्या हातानेच काढते. वेळ पाचची देतात, नंबर पावणेसहाला. जिनाही अरुंद. यंदा गरबा खुर्चीतूनच पाहिला.