मायक्रो सेट आणि मायक्रो सोल: पावसाळाभर वापरल्यानंतर

मॉडेलवर डेकल, म्हणजे पाण्यात सुटं करून चिकटवायचं छापील चिन्ह, नीट बसवण्यासाठीच्या द्रावणांच्या मायक्रोस्केल कंपनीच्या या दोन बाटल्या उन्हाळ्यात मागवल्या आणि तेव्हापासून माझी १/७२ मापाची जवळपास सगळी मॉडेल विमानं त्यांच्यावरच झाली आहेत. निळ्या लेबलची सेट, ती डेकलच्या खाली लावायची; लाल लेबलची सोल, ती वरून लावून डेकल मऊ करायची. प्रत्येकी एक औंस, म्हणजे तीसेक मिली. बाटली छोटी वाटते, पण एका विमानाला लागतात ते थेंबच. दोन्ही अजून अर्ध्याच्या वर आहेत.

कुणी नवीन असेल तर आधी हे सांगतो: मॅट रंगावर डेकल लावून वरून सोल कितीही ओतलं तरी सिल्व्हरिंग, म्हणजे डेकलखालची चंदेरी झाक, पूर्ण जात नाही. मॅट रंग बारीक खडबडीत असतो. डेकलची पातळ पारदर्शक फिल्म त्या खडबडीवर नुसती टेकते, खाली हवा अडकते आणि फिल्मची कड चंदेरी दिसायला लागते. म्हणून आधी ग्लॉस कोट, म्हणजे गुळगुळीत चकचकीत थर, हवाच. मी तामियाचं एक्स-२२ हे पारदर्शक ग्लॉस एअरब्रशने मारतो आणि हाताला अजिबात चिकट लागेनासं होईपर्यंत डेकलला हात लावत नाही. पावसाळ्यात याला फार वेळ लागतो. लॅकर क्लिअर मारायचं असेल तर दमट दिवशी मारूच नका, त्यावर पांढुरकी झाक येते.

खरी परीक्षा झाली मिग-२१ वर. आम्ही नाशिककर, ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बनली, त्यामुळे हे मॉडेल मनाजोगतं व्हायलाच हवं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून ते किट टेबलावर होतं. करड्या रंगावर बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं असं राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, बसवायचं, तेही पॅनेल लाइनवर, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषेवर.

पंखावर जागेपुरतं सेट ब्रशने लावलं. व्हिनेगरसारखा वास येतो, खोलीत फार रेंगाळत नाही. कोमट पाण्यात सुटं केलेलं डेकल त्यावर सरकवलं. सेटमुळे ते काही क्षण सहज हलतं, नेमकं जागेवर आणायला तेवढा वेळ पुरतो. मग ओलसर कॉटन बडने मधून कडेकडे दाबत पाणी काढलं आणि वरून सोलचा पातळ हात दिला. थोड्याच वेळात राउंडेल सगळं सुरकुतलं. इथे हात आवरायचा. त्या वेळी फिल्म दुधावरच्या सायीइतकी नाजूक झालेली असते, बोट लावलं की फाटली. सकाळी पाहिलं तर सुरकुत्या गेलेल्या आणि पॅनेल लाइन केशरी रंगातून स्पष्ट उमटलेली. दोन ठिकाणी छोटे फुगे राहिले होते. सुईच्या टोकाने टोचून त्यावर पुन्हा सोल लावलं, तेही बसले. असं राउंडेल छापल्यासारखं नाही, रंगवल्यासारखं दिसतं, आणि माझ्या मते या दोन बाटल्यांचे पैसे तिथेच वसूल होतात.

हे डेकल इटलीच्या कार्टोग्राफचं होतं. त्यांची छपाई पातळ आणि रंग घट्ट, सोलला लगेच दाद देते. तामियाच्या किटमधल्या जाड डेकल्सवर मात्र सोल कमी पडतं. तीन-तीन हात देऊनही ते खोल रेषेत उतरत नाही. तिथे तामियाचंच मार्क फिट स्ट्राँग किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर घ्या. त्या दोन्हींच्या झाकणात ब्रश असतो. मायक्रोस्केलच्या बाटलीत नसतो, वेगळा ठेवावा लागतो. एडुअर्ड या किट कंपनीच्या अलीकडच्या डेकल्सची फिल्म वाळल्यावर सोलून काढता येते. त्यावर मी आधी फक्त पाणी वापरतो आणि फिल्म काढल्यावरच सोल लावतो.

तक्रारी दोनच. सोल जास्त झालं आणि तसंच वाळू दिलं तर ग्लॉसवर डाग राहतो. तो डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या बडने लगेच टिपावा, नाहीतर मॅट कोटखालूनही दिसतो. दुसरी पॅकिंगची: एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली सोलची बाटली झाकणाशी गळत होती. पार्सल उघडतानाच तपासून घ्या.

जुन्या किटमधलं, पिवळं पडलेलं डेकल असेल तर आधी शीटच्या कोपऱ्यातला नको असलेला एखादा अंक पाण्यात टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर सेट-सोल काही करू शकत नाही. आधी मायक्रोस्केलचंच लिक्विड डेकल फिल्म त्या शीटवर चढवावं लागतं, आणि मग प्रत्येक डेकल कडेने वेगळं कापावं लागतं.

बजेट एकाच बाटलीचं असेल तर लाल घ्या. ग्लॉस नीट असेल तर सेटचं काम बऱ्यापैकी साध्या पाण्यावर निभतं, सोलचं निभत नाही.