पँगाँग की चंद्रताल? कापसाच्या गावातून निघणाऱ्यांसाठी

पांढरकवड्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ एका टोकाला कन्याकुमारीला लागतो आणि दुसऱ्या टोकाला श्रीनगरला. म्हणजे गाडीचं तोंड हिंगणघाटाकडे केलं आणि रस्ता न सोडता चालत राहिलं, तर आपण थेट झेलमच्या काठी पोचतो. अंतर साधारण दोन हजार किलोमीटर. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास टपरीवर कोणीतरी हे बोलतो आणि मग विषय निघतोच, "भाऊ, ते निळं तळं पाहून येऊ न एकदा."

निळं तळं म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात लडाखचं पँगाँग. मोबाइलवर चार व्हिडिओ जास्त पाहिलेला एखादा पोट्टा हिमाचलच्या चंद्रतालचं नाव काढतो. मी दोन्ही पाहिली, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गाड्यांतून. लोक पहिल्यांदा विचारतात, सुंदर कोणतं? दोन्ही. आता तो प्रश्न बाजूला ठेवा, कारण त्यावरून ठरवाल तर फसाल. ठरवायचं ते हाताशी असलेल्या दिवसांवरून, गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे त्यावरून आणि सोबत येणाऱ्यांच्या रक्तावरून. रक्ताचं पुढे सांगतो.

उंचीत फारसा फरक नाही. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर, चंद्रताल ४,३०० च्या आसपास. आपलं नागपूर तीनशेच्या घरात आणि आपण ज्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतो ते चिखलदरा अकराशेच्या जवळपास, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आकार मात्र राजा आणि रंक. पँगाँग १३४ किलोमीटर लांब आहे, जवळजवळ पांढरकवडा ते नागपूर. त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपल्याकडे, बाकीचा चीनच्या ताब्यात. पाणी खारं. खारं तळं आपल्याकडे लोणारलाही आहे, पण लोणारच्या काठावर नाकाला जो वास येतो तो इथे नाही. शिवाय खारं असूनही हिवाळ्यात हे गोठून दगड होतं.

चंद्रताल त्यापुढे गावतळंच. रमतगमत फेरी मारली तरी दीडएक तासात सुरुवातीच्या जागी येता. पाणी गोडं. त्याचं पाणी चंद्रा नदीला मिळतं, चंद्रा तांदी गावाजवळ भागा नदीला मिळते आणि पुढे जी चंद्रभागा होते तीच चिनाब. आमच्या मावशीने तांदीच्या पुलावर गाडी थांबवायला लावून हात जोडले. तिला ती पंढरपूरचीच चंद्रभागा वाटली. आम्हीही दुरुस्ती करायला गेलो नाही.

आता दिवस. पँगाँगला घरच्या गाडीने जायचं तर माझ्या हिशेबाने सोळा दिवस लागतात, आणि त्यात उगाच घालवलेला एकही नाही. तीन दिवस जम्मूपर्यंत, मग श्रीनगर, मग कारगिल, मग लेह. लेहला दोन पूर्ण दिवस काहीही न करता काढायचे. बाजारात हळूहळू फिरायचं, पाणी प्यायचं, दारूला हात लावायचा नाही. मग चांग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून पँगाँग, एक मुक्काम, परत लेह, दोन दिवसांत मनाली, तीन दिवसांत घर, आणि एक दिवस राखीव. सगळं मिळून पाच हजार किलोमीटरच्या आसपास. अठराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर पावणेतीनशे लिटर डिझेल, पुढचा गुणाकार तुमच्या पंपाच्या भावाने करा.

जाताना श्रीनगरकडून आणि येताना मनालीकडून, हे उलटं करू नका. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. एकेक पायरी चढत गेलं की शरीराला सवय होते. मनालीकडून जाताना मात्र दुसऱ्याच रात्री लोक सरचूला तंबूत झोपतात, आणि सरचू ४,३०० मीटरवर आहे. तीन हजारांच्या वर गेलं की झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा पहाडात जाणाऱ्यांचा साधा नियम. सरचू तो एका उडीत मोडतं. तिथे रात्रभर डोकं धरून बसलेले, उलट्या करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना वाटतं संध्याकाळची मॅगी बाधली. परतीच्या वाटेवर तुम्ही लेह-पँगाँगला राहून आलेले असता, तेव्हा तेच सरचू निमूटपणे पार पडतं.

चंद्रतालला दिवस कमी लागतात आणि खरा धोका तिथेच आहे. मनाली २,०५० मीटरवर. अटल बोगदा (९.०२ किलोमीटर, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला) ओलांडला की रोहतांगचा घाट चढावा लागत नाही आणि लोक सकाळी मनालीहून निघून संध्याकाळी चंद्रतालच्या कॅम्पात पोचतात. एका दिवसात बावीसशे मीटर! शरीराने काय करावं? मधे एक-दोन रात्री सिस्सू किंवा केलाँगला काढा, दोन्ही तीन हजारांच्या थोड्या वर आहेत. दिवस जास्त असतील तर सिमल्याकडून किन्नौर, नाको, ताबो, काझा करत या आणि कुंझुम ला ही खिंड उतरून चंद्रताल शेवटी ठेवा. माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी वाट आहे, पण रजा मोजून मिळालेल्या माणसाला ती परवडत नाही. रेल्वेने चंदीगड, तिथून बसने मनाली आणि पुढे तिथलीच गाडी, असं केलं तर सगळं दहा दिवसांत बसतं.

गाडीचं सांगतो. पँगाँगपर्यंत रस्ता बहुतेक डांबरी आहे. मधे तुटलेले पट्टे येतात, पण आपली रोजची हॅचबॅक सावकाश चालवली तर जाते. ग्राम्फू ते बातल हा चंद्रतालकडचा रस्ता मात्र रस्ता नाहीच, नदीचं पात्र आहे. गोटे, चिखल आणि डोंगरातून आडवे येणारे नाले. आमच्यासोबतच्या सेडानचं चेंबर छत्रूच्या पुढे एका गोट्यावर बसलं. मागे वळून पाहिलं तर दगडांवर काळी रेघ. ऑइल सगळं गेलेलं, मोबाइलला टॉवर नाही आणि मेकॅनिक मनालीला. चार तास तिथेच. शेवटी एका ट्रकवाल्याने दोर लावून ओढलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्या नाल्यांचं गणितही समजून घ्या. ते बर्फाच्या पाण्यावर वाहतात, म्हणून पहाटे घोट्याएवढे असतात आणि ऊन चढलं की दुपारी मांडीला लागतात. तिथले ड्रायव्हर अंधारातच निघतात, आधी स्वतः पाण्यात उतरून पायाने दगड चाचपतात, मगच गाडी घालतात. आपण सपाटीवरची माणसं, हाफ क्लचवर चढ चढवून क्लचप्लेट जाळणारी. म्हणून माझं स्पष्ट मत, चंद्रतालला गाडीही तिथली घ्या आणि ड्रायव्हरही तिथला.

पँगाँगला उलट. चंदीगड-मनालीहून भाड्याने घेतलेली गाडी किंवा बाइक लेहच्या पुढे पँगाँगला नेऊ देत नाहीत. तिथल्या टॅक्सीवाल्यांचा तसा कडक नियम आहे. स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी चालते. मनालीच्या रस्त्यावर तांदीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तुम्ही लेहकडून येणार, तेव्हा कारूला टाकी गच्च भरून निघा. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, एकाच्या तरी फोनात पोस्टपेड हवं. चंद्रतालला हा प्रश्नच नाही, कारण तिथे कुठलंच चालत नाही.

आणि आता रक्त. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात आहे, हे कोणाला सांगायला नको. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे हा आजार असलेल्या माणसाला इतक्या उंचीवर नेणं म्हणजे संकट ओढवून घेणं, कारण ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. तिथली हवा आपल्याकडच्या साठ टक्केच ऑक्सिजन देते. पण घोळ होतो तो एएसवाल्यांचा, म्हणजे वाहकांचा. त्यांना घरी काहीच त्रास नसतो. दिवसभर डवरणी करतील, पोतं उचलतील. उंचीवर मात्र वाहकाच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या कुशीत जीवघेणी कळ येऊ शकते. आमच्या चौघांतल्या एकाने निघायच्या महिनाभर आधी तपासणी केली आणि तो एएस निघाला. पस्तीस वर्षांचा गडी, त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी नाही म्हटलं. तरी तो मनालीपर्यंत आला, तिथे तीन दिवस सफरचंदं खात बसला. आम्ही चंद्रतालचं पाणी बाटलीत भरून आणून दिलं. त्याने उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "काहून बे, हे तं पाणीच आहे."

तेव्हा बुकिंगच्या आधी सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट आणि गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच निघायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती महागात पडू शकते. वर डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस तोल जाऊन चालू लागला, तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. पँगाँगहून खाली लेहला मोठं रुग्णालय आहे. चंद्रतालहून मात्र काझा किंवा केलाँग गाठावं लागतं, आणि तेही त्याच रस्त्याने. म्हातारे आईवडील सोबत असतील तर माझ्यापुरता निकाल इथेच लागतो.

तारखेचं बोलायचं तर निसर्गाने आपली सोय केली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुलू-मनालीचा हायवेच खाल्ला होता. ऑक्टोबर लागला की चंद्रतालचे कॅम्प गुंडाळतात. उरतो सप्टेंबर, आणि तोच आपल्याकडे पोळा ते सोयाबीनची सोंगणी यांच्यामधला मोकळा काळ. निंदण-फवारण संपलेलं असतं, पहिला वेचा दूर असतो. मधे महालक्ष्म्या येतात, तेव्हा घरच्या बाईला विचारल्याशिवाय तारीख सांगून मोकळे होऊ नका. पितृपक्षात निघालात तर सोळा दिवस बरोबर जुळतात, पण त्यावर घरात भांडण झालं तर मी जबाबदार नाही.

राहण्याचं थोडक्यात. पँगाँगला स्पांगमिकला तंबू आणि खोल्यांची रांग लागली आहे, फोटोसाठी मांडलेल्या खुर्च्यांचीही. शांतता हवी तर तसंच पुढे मान, मेरकला जा. चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे, आणि गाडी थांबते तिथून शेवटचा पल्ला पायीच. म्हणून पहाटे तळ्यावर गेलात तर तुम्ही आणि पाणी एवढेच असता. या एका गोष्टीत मला चंद्रताल जड वाटतं.

पहिल्यांदा जाताय, सोळा दिवस आहेत, घरची गाडी आणि घरची माणसं आहेत, तर डोळे मिटून पँगाँग, श्रीनगरकडून. गाडीच्या प्रवासाची हौस नसेल तर जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे आहे, तीही त्याच चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून. चार तरणेताठे आहात, तपासण्या चोख आहेत, हाती दहाच दिवस आहेत, तर चंद्रताल, पण केलाँगची रात्र कापायची नाही.

दोन्हीकडे एक वस्तू न्याच, छोटा कुकर. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नाचते, पण शिजत नाही. माझा तीन लिटरचा आहे, दोन्ही वाऱ्या करून आलेला. घेऊन जा, रिंग तेवढी नवी टाका.